जिन्याची खुर्ची

टॉडमर्डन, १४ एप्रिल २०१६

प्रिय बेरिल ताई,

तुझा गुडघा कसा आहे? तिकडे समुद्रावर ऊन पडलं असेल. आमचे कपडे अजून रेडिएटरवरच वाळतात. आम्ही दोघं बरे आहोत. पक्षाघातानंतर क्लाइव्हची उजवी बाजू अजून साथ देत नाही, पण जीभ सुटायला लागली आहे, आणि सुटली की आधी माझ्या चहाला नावं ठेवते.

नाताळनंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही. त्याचं नंतर सांगते. आधी बातमी ऐक: मी जिंकले.

क्लाइव्हसाठी जिन्यावरून वर नेणारी खुर्ची सांगितली होती ना, ती कंपनी डिसेंबरातच बुडाली. मी कुणालाच कळू दिलं नाही. एकोणतीसशे पौंडांची खुर्ची. शंभर मी क्रेडिट कार्डावर भरले, बाकीचे चेकने. चेक वटला आणि आठवड्यात दुकानाला कुलूप.

शंभर तरी कार्डावर का, तर पॉइंटांसाठी. हसू नकोस. "पॉइंट मिळत असतील तर तू नवरासुद्धा कार्डावर घेशील," असं तूच म्हणायचीस. त्याच हावेनं मला तारलं.

फेब्रुवारीत वाचनालयात गेले. तिथे मंगळवारी मिसेस प्रिचर्ड फुकट सल्ला देतात. पावती बघून म्हणाल्या, "अहो, वस्तू शंभराच्या वरची आणि तीस हजारांच्या आतली असली, आणि त्यातला एक पौंड जरी कार्डावर दिला असला, तरी दुकानदाराइतकीच कार्ड कंपनी जबाबदार. सगळ्या किमतीला. कायद्याचं कलम पंचाहत्तर."

कार्डवाल्यांना फोन लावला. पलीकडचा पोरगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून शंभरच गेले, तर शंभरच मिळतील."

मी म्हटलं, "बाळा, तो कायदा चौऱ्याहत्तर सालचा. माझं लग्नही त्याच सालचं. दोन्हींत काय लिहिलंय ते मला पाठ आहे. कलम पंचाहत्तर काढून वाच, नाहीतर मी बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जाते."

त्यानं मला थांबवून ठेवलं आणि कानात पियानो वाजत राहिला. मग तीन पत्रं, सहा आठवडे, आणि एकोणतीसशे पौंड खात्यात. एक पेनी कमी नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले, कढईसकट.

सोमवारी दुसऱ्या कंपनीची खुर्ची बसली. क्लाइव्ह बाहेरगावी निघाल्यासारखी टोपी घालून बसला. वर पोचला, पाच महिन्यांनी आमच्या खोलीत डोकावला आणि म्हणाला, "पडदे बदललेस. न विचारता." मी पायरीवर बसून रडले.

आता नाताळचं. जेवताना तू म्हणालीस, "हेझल, त्याला वृद्धाश्रमात ठेव, तुला नाही झेपायचं." मी तुला ताटावरून उठवलं, टॅक्सी बोलावली, आणि गावभर सांगितलं की माझी बहीण दगडाच्या काळजाची. ताई, आदल्याच आठवड्यात मी स्वतः वृद्धाश्रमाला फोन करून त्याचं नाव घातलं होतं. पैसे बुडालेले, न्हाणीघर वर, त्याला उचलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. माझं पाप तुझ्या तोंडून त्याच्यासमोर ऐकलं, ते मला सोसलं नाही.

काल फोन करून नाव काढून टाकलं. मग क्लाइव्हला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक होतं. फोन केलास तेव्हा मी जागा होतो." चार महिने त्यानं ते पोटात ठेवलं, आणि भांडला तो फक्त चहावरून.

चूक माझी होती, ताई. मला माफ कर.

खालची पुढची खोली आता मोकळी आहे. त्याच्या पलंगावर धुतलेली चादर घातली आहे. तुझ्या गुडघ्याला जिना चढायचा नसेल तर तिथेच झोप; आणि चढायचा असेल तर खुर्ची आहेच, क्लाइव्ह उतरला की तुझा नंबर.

वरच्या खोलीतून, नवऱ्याचं घोरणं ऐकत,
तुझीच हेझल