पळणारी वाघाटी

किनवट,
१ जुलै २०२५

प्रिय आदिनाथराव यांस,

किशनरावचा रामराम. इकडे सर्व ठीक. कापूस दोन पानांवर आला. मुरुडला पाऊस कसा आहे ते कळवणे. फोन केला असता, पण फोनवर माणसं मधेच बोलतात.

विषय वाघाटीचा. तुमच्या बहिणीने सांगितला असेल, पण नीट लिहितो.

होळीनंतर ती सरपण घेऊन रानातून आली ती सांगतच, "वाघाटी दिसली. माझ्याकडं बघितलं अन् पळाली." माझ्या दुकानात गिऱ्हाईक होतं. आता वाघाटी म्हणजे वेल. आषाढी बारशीला आपण तिच्या फळांची भाजी खातो. त्यावर कोणीतरी म्हणालं, "वाघाटी पळाली? मग भेंडीबी पळंल की!" झालं. हापशावर बाया विचारायला लागल्या, "वैनी, आज कोणची भाजी पळाली?"

ती म्हणत राहिली, "मांजर हाय ते, इवलंसं. अंगावर तांबडे ठिपके, कपाळाला गंधाचे तीन पट्टे." मी मान्य केलं नाही. माझी शाळा सातवीपर्यंतच, पण पाखरू मी पिसावरून ओळखतो, हे तुम्ही जाणता.

मग ती तुमच्याकडे आली. लग्नाला गेली, असं मी इथं सांगितलं. लग्न एवढं लांबत नाही, हे लोकांना कळतं.

शनिवारी पहाटे मोहाखाली मला ते दिसलं. घरच्या मांजराच्या निम्मं. पाठीवर गंजाच्या रंगाचे ठिपके. माझ्याकडं बघितलं अन् पळालं. प्राण्यांच्या पुस्तकात नाव वाघाटीच आहे. एका शब्दाचे दोन अर्थ असतात, हे मला ठाऊक होतंच.

त्याच दिवशी पारावर चारचौघांत सांगितलं, वाघाटी पळते. संगमेश म्हणाला, "किशनमामा, मग भेंडी कवा पळणार?" भेंडीचं बोलणं माझंच होतं. तिथंच परत घेतलं.

येत्या सोमवारी बारस. वाघाटे तोडून आणलेत. त्यांचा कडूपणा कसा काढतात, हे मात्र कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

एक मुद्दा राहतो. पट्टे मला दोनच दिसले. पुस्तकात किती दिलेत ते मुद्दाम पाहिलेलं नाही. केवळा, तू तीन म्हणतेस. ते मोहाखाली परत येईल. निकाल मी एकट्यानं लावणार नाही.

वरचा मुद्दा तिला वाचून दाखवणे.

लोभ तुमचा असावा. वाट तिची पाहतो.

किशनराव