गोळ्या कुठे अडल्या

लेवार्डन, ३ मार्च २००३

ती. टेट्स्केआत्यास,
योरिंदेचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? बाबा ठीक आहेत, फक्त माझ्यावर रागावलेत. आमच्या रुग्णालयाच्या औषध विभागात आकडीवरची एक गोळी महिनाभर आलीच नाही. न्यंके नावाच्या शाळकरी मुलीला दुसरी गोळी दिली, तर तिची थांबलेली आकडी परत सुरू झाली. तिच्या आईनं विचारलं, गोळी अडली कुठे? मला सांगता येईना. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

तुमच्या रॉटरडॅमला पुरवठा साखळीचं एमबीए शिकवतात. नोकरी सोडून करावं का? बाबा म्हणतात, औषधं देणारी पोर आता खोकी मोजणार! शनिवारी तिथे माहितीचा कार्यक्रम आहे, पण माझी ड्यूटी. तू जाऊन बघशील?

लोभ असू दे. रागावलीस तरी पत्र धाड.
तुझी,
योरिंदे

रॉटरडॅम, १० मार्च

चि. योरिंदेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेले होते. दारातच एकानं मला विचारलं, आजी, नातवाला शोधताय का? म्हटलं, नाही, विद्यार्थिनी आहे.

प्राध्यापकांनी न्याहारीला पावावर भुरभुरवतो त्या चॉकलेटच्या दाण्यांचा प्रवास सांगायला लावला. मी जन्मभर भूगोल शिकवलेली, कोको बंदरात उतरेपर्यंत घडाघडा बोलले. पुढे किती दाणे बनवायचे हे कोण ठरवतं, असं त्यांनी विचारलं. घरी येईपर्यंत तोच विचार!

तुझा प्रश्नही विचारला. ते म्हणाले, तिलाच गोळीचा माग काढू द्या. काढावासा वाटला, तर अर्ज करू दे. मात्र मी पाहिलं, गणित पुष्कळ आहे, आणि तिथे न्यंकेसारख्या रुग्णाचा चेहरा दिसणार नाही. नीट विचार कर.

आत्याची माया आहेच. तू जेवणाची हेळसांड करू नकोस.
टेट्स्केआत्या

लेवार्डन, २ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

माग लागला! गोळ्या तयार होत्या गं. दक्षिणेकडच्या एका गोदामात पडून होत्या, कारण डब्यात घालणं सक्तीचं असलेलं डच माहितीपत्रकच छापून आलं नव्हतं. छापखान्याचं यंत्र बिघडलेलं. तिथला माणूस फोनवर रडवेला झाला. म्हणाला, हा कागद कशासाठी आहे हे मला कोणी सांगितलंच नाही, नाहीतर शेजारच्याकडून छापून घेतला असता. वाईट कोणीच वागलं नव्हतं, आत्या. कोणी कोणाला विचारलं नव्हतं, एवढंच.

न्यंके आता बरी आहे. तिच्या आईला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, मग आता विचारणार कोण?

मी अर्ज केला. मुलाखतीत हेच सगळं सांगितलं, आणि प्रवेश मिळाला. बाबांना सांगितलं तर जेवण टाकून गोठ्यात गेले, अजून बोलत नाहीत. तुझ्याकडे राहू का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
योरिंदे

रॉटरडॅम, ७ एप्रिल

चि. योरिंदेस,
आशीर्वाद.

विचारतेस काय, वेडे? वरची खोली तुझीच. एकच अट: रोज शिकशील ते संध्याकाळी मलाही सांगायचं.

आणि ऐक, काल डाउवेचा, तुझ्या बाबांचा, फोन आला होता, तुला सांगायचं नाही असं मला बजावून. तुझ्यासाठी स्वतः टेबल बनवतोय. जिन्यातून वर जाईल का, विचारत होता. म्हटलं, आमचा जिना शिडीसारखा, बाहेरून दोरानं ओढून खिडकीतूनच चढवावं लागेल. मग म्हणाला, दोर मी आणतो.

लवकर ये.
टेट्स्केआत्या