तामसेनाची बायको

४ मार्च
टँकर आज पण नाही. पोरांना घरून बाटली भरून आणायला सांगितलं होतं, निम्म्यांनी रिकामीच आणली. शाळा लवकर सोडली.

पुण्याहून प्रकाशकांचा फोन. कादंबरीचा भाग ६ कधी देताय, आणि मॅडम, या भागात तामसेन मेलाच पाहिजे. खलनायक मेल्याशिवाय वाचकाला पुस्तक मिटवत नाही म्हणे. पाच भाग तो नद्या अडवतोय, राजपुत्र पळवतोय. मलाही त्याचा कंटाळा आलाय. कुणी परस्पर मारून टाकला तर सुटेन.

७ मार्च
अक्का छावणीतून आल्या त्या भा. २ काखेत घेऊन. बैल छावणीत, म्हणून आमच्या थोरल्या जाऊबाई पण दिवसभर छावणीत. चारा टाकायचा, शेण काढायचं आणि माझी पुस्तकं वाचायची. सातवी झालेल्या. एक शब्द सोडत नाहीत.

"सुमन, या तामसेनाची बायको माडीवर हुबी होती. ती खाली आली का न्हाई?"

मला आठवेना. पुस्तक उघडून पाहिलं. आहे, एक ओळ. 'त्याची राणी माडीवर उभी होती.' नाव नाही, गाव नाही. पुढे तीन भाग लढाया झाल्या, वाडा जळला, बाई तिथंच.

"विसरले," म्हटलं.
"इसरतंच मानूस," म्हणाल्या आणि भाकरी टाकायला बसल्या.

मनाला लागलं. एवढं लागायचं कारण नव्हतं.

११ मार्च
ह्यांनी शेवटी विषय काढलाच. अक्कांच्या पोरीला बघायला पाहुणे यायचेत. भाऊजी, म्हणजे अक्कांचे मालक, घरातून गेले त्याला बारा वर्षं उलटली, पत्ता नाही. आता पुतळा करून अग्नी देऊन टाकावा, म्हणजे पाहुण्यांपुढे नवरीच्या बापाचं काय ते सांगता येईल. नाहीतर वहिनी ना सवाष्ण ना विधवा, हळदीला बसवायचं तरी कुठं, हे ह्यांचं म्हणणं. ह्यांच्या जागी ह्यांचं बरोबर आहे. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

अक्का कुंकवाचा करंडा पुसत बसल्या होत्या. पुसतच राहिल्या.

१२ मार्च
गुरुजी आले होते. पुतळा पळसाच्या पानांचा लागतो. पळस सध्या नुसता फुलांनी पेटलाय, पान एक नाही. ते म्हणाले दर्भावर भागवू. अक्का आतून म्हणाल्या, "पळसाला पानं तीनच म्हनत्यात, यंदा तीबी न्हाईत." गुरुजी हसले. मी नाही.

१५ मार्च
भा. ६, प्रकरण ९. तामसेनाला तलवारीपर्यंत आणला. हात चालेना.

अक्का आता भा. ४ मध्ये. आज भांडल्याच. "चार पुस्तकं वाईट वागला, खरं हाय. पन तो जेवला कुठं, निजला कुठं, एकदा तरी लिवलंस का? समदे त्याला शिव्या देत्यात. कावून असा झाला, कुनी इचारत न्हाई."

मग हळूच, "आमच्या ह्यांच्यावानीच वाटतो तो मला. नको मारू त्याला."

मी काही भाऊजींना डोळ्यापुढं धरून लिहिलं नव्हतं. त्यांना खलनायक करायचं काम गावानंच केलं. उपसा सिंचनाची सहकारी योजना बुडाली, पंप गंजले, आणि भाऊजी तिचे चेअरमन. 'गावाचं पाणी यानंच बुडवलं.' पारावर बसणं बंद झालं. एका सकाळी नेकनूरला जातो म्हणून एस.टी.त बसले, ते बसलेच. आता तामसेन नद्या अडवतो म्हटल्यावर अक्कांना काय वाटणार.

२० मार्च
सोसायटीची निवडणूक लागली. आबा घरी आले. गावचं पॅनेल त्यांचंच. ओट्यावर बसून ह्यांना म्हणाले, "पुतळ्याची घाई करू नगा. यादीत थोरल्याचं नाव हाय. मतदान हू द्या, मंग खुशाल करा."

म्हणजे बारा दिवसांचं सुतक पण आबांच्या पॅनेलला विचारून. ह्यांनी मान हलवली. ह्यांना माहीत आहे. मलाही. मागच्या दोन्ही खेपेला भाऊजींच्या नावावर मत पडलंय, आबांचाच कुणीतरी माणूस टाकतो.

अक्का चहा घेऊन बाहेर आल्या. कप ठेवला.

"दोनदा मत पडलंय त्यांचं. मेलेला मानूस मत टाकतो व्हय, आबा?"

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चहा अर्धा टाकून उठले. शाब्बास, म्हटलं मनात. वीस वर्षांत त्यांना कुणी असं तोंडावर बोललं नसेल.

२ एप्रिल
आबा माझ्यावर नाराज आहेत असं कळलं. मीच अक्कांना शिकवलं म्हणे. शिकवायला मी कोण.

प्रकाशकांचे दोन फोन. उचलले नाहीत.

६ एप्रिल, मतदान
सकाळी उठून एका दमात तामसेनाला मारून टाकला. चांगला मारलाय. पाणी पण मागत नाही. पानं टेबलावर तशीच.

अक्का पहाटेच न्हाल्या. लग्नातली हिरवी इरकल काढली, कुंकू ठसठशीत. मतदान शाळेत, तिथल्या आवारात लिंबाखाली जाऊन बसल्या, फाटकाकडे तोंड करून. जेवायलाही आल्या नाहीत. मला वाटलं, भाऊजींच्या मताची राखण करतायत. दुपारी आबांचा गडी चिठ्ठी घेऊन फाटकापर्यंत आला, अक्कांना बघितलं, चपला वाजवत माघारी गेला. मला लई बरं वाटलं. ते मत पडलं नाही.

संध्याकाळी घरी आल्या. पाय धुतले नाहीत, तशाच भिंतीला टेकल्या. मी म्हटलं, अक्का, जिंकलात.

"कशाचं जिंकले बाई. न्हाई आले ते."
"कोण?"
"दर खेपेला येऊन मत टाकून जायचे. लाजंनं घराकडं फिरकत नसतील, म्हटलं, पन जित्ते हायेत. यंदा फाटकातच गाठायचं ठरवलं व्हतं. न्हाई आले."

मत कोण टाकायचं ते मी सांगितलं नाही. कुठून सुरुवात करणार होते? हे दारात उभे होते, तिथूनच माघारी फिरले.

अक्का टेबलावरच्या पानांकडे बघून म्हणाल्या, "मेला का तुजा त्यो?"
"अजून नाही," म्हटलं.

मग इरकल बदलली, घडी घातली. चूल पेटवताना पाठमोऱ्याच विचारलं, पुढची निवडणूक कधी असते. पाच वर्षांनी, म्हणून सांगितलं. हं, म्हणाल्या. पुतळ्याचं नाव आज कुणी काढलं नाही.