पासिंगचा आवाज

अण्णा, गाडी पास झाली. चौथ्या खेपेला, एकही दोष न निघता. हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण या मॉडेलचं पासिंग म्हणजे काय प्रकरण असतं हे कळणारं दुसरं माणूस माझ्याकडे नाही. इथे जर्मनीत गाडी दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. पास झाली की मागच्या नंबर प्लेटवर एक गोल चकती चिकटवतात. नाही झाली की कागदावर ‘मेंगल’ लिहून देतात, म्हणजे दोष, आणि महिन्याभरात दुरुस्त करून आणा म्हणतात. गाडी तीच, साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, तुमच्याकडे होती त्याच मॉडेलची, आपल्याकडेच बनून इकडे आलेली. डार्मश्टाटच्या एका निवृत्त मास्तरांकडून मी ती घेतली तेव्हा ते गालात हसले होते. का, ते पहिल्या तपासणीत कळलं. तेव्हा तेलगळती निघाली, दोन वर्षांनी दुसऱ्या खेपेला हँडलचं बेअरिंग, तिसऱ्या खेपेला पुन्हा तेल आणि वर मागचा दिवा. आमचा तपासणारा पांढऱ्या मिशांचा, खडूस वाटणारा पण गमत्या माणूस. म्हणाला, “या मॉडेलचा अर्धा फॉर्म मी गाडी फाटकातून आत येतानाच भरतो.” मी विचारलं, “आणि उरलेला अर्धा?” “तो तुम्ही ती स्टँडवर लावेपर्यंत.”

कराडच्या आपल्या गॅरेजात मागच्या भिंतीवर रिक्षाचे तीन टायर टांगलेले असायचे, नव्यासारखे, खाली भिंतीवर खडूनं लिहिलेलं ‘पासिंग’. रिक्षा पासिंगला निघाली की ते चढायचे, पास होऊन आली की उतरायचे, आणि तिचे गुळगुळीत झालेले टायर तिला परत. त्या तीन टायरांनी गावातल्या किती रिक्षा पास केल्या असतील! मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, कानाचा माज चढलेला. एक रिक्षावाला पास होऊन आला, पेढे वाटत होता, आणि मी त्याला सांगून टाकलं, “मामा, गिअरबॉक्स रडतोय तुमचा.” त्याचा हात पुड्यातच राहिला. तो गेल्यावर तुम्ही पान्यावरची नजर न उचलता म्हणालात, “पास झालेल्या गाडीला कान लावायचा नसतो.” मी म्हटलं, “पण अण्णा, आवाज खरंच होता.” “मला बहिरा समजतोस काय रं? दोन महिने ऐकतोय मी तो. खाऊ दे की त्याला आज पेढा.”

पुढे त्याच कानावर माझं सगळं झालं. झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात एका भिंती जाड केलेल्या खोलीत मी बसतो, नव्या गाडीत कुठलं प्लॅस्टिक कशावर घासतंय ते ऐकतो, आणि त्याचा पगार घेतो. माझ्या खात्यातले जर्मन म्हणतात, तुझे कान म्हणजे यंत्र आहे. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, मी म्हणतो, कराडचं यंत्र आहे, सर्व्हिसिंग लागत नाही. हसतात बिचारे.

पहिल्या तपासणीनंतरच्या हिवाळ्यातले आपले रविवारचे फोन. तुम्ही पूर्वी हवापाण्यापासून सुरू करायचात, मग गॅरेज, मग शेजारच्यांची भांडणं. त्या हिवाळ्यात तुमची वाक्यं लहान झाली. “तू बोल. तुझं सांग.” मी बोलायचो. शेवटच्या रविवारी मी म्हटलं, “अण्णा, आवाज ठणठणीत आहे तुमचा.” तुम्ही हसलात, थोडं थांबलात आणि म्हणालात, “मग काय, पास?” मी म्हटलं, “पास.” त्यानंतर बारा दिवसांनी आईचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. मी घरी पोचलो तेव्हा ती म्हणाली की रविवारी फोनची वेळ झाली की तुम्ही आधी अर्धा तास कुणाशी बोलायचा नाहीत. वाफ घ्यायची, गरम पाणी प्यायचं, पाठ ताठ करून खुर्चीत बसायचं. ती काही विचारायला आली तर हातानं गप करायचात आणि म्हणायचात, “थांब, पासिंगला लागलोय.” मग तिनं मला विचारलं, “तुला काहीच कळलं नाही? तुझे कान एवढे तिखट.” मी म्हटलं, “आई, लाइन खराब होती. खरखर होती नुसती.” तिनं मान हलवली. पुढे सगळ्यांना मी हेच सांगत आलो.

आता यंदाची गंमत ऐका. या गाडीच्या सायलेन्सरवर कंपनीचा शिक्का लागतो, आणि शिक्क्याचे सायलेन्सर सगळ्यांचे गंजून गेलेत. आमच्या कारखान्यात एक पुणेकर इंजिनिअर आहे, त्याच्याकडे हेच मॉडेल, आणि आम्हा दोघांत मिळून धड सायलेन्सर एकच. तो लावून त्यानं मार्चमध्ये आपली गाडी पास करून घेतली, मी मे महिन्यात माझ्या गाडीला लावला. तपासणारा खाली वाकला, पोचा आलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “ह्या पोच्याला मी मार्चमध्ये भेटलोय.” मी म्हटलं, “त्याचा जुळा भाऊ.” मिशीत हसला. शिक्का खरा, तेल कुठे नाही, ब्रेक, दिवे सगळं चोख. मग त्यानं इंजिन चालू करायला लावलं, मान तिरकी केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला ऐकू आलं होतं, अण्णा. क्रँकचं बेअरिंग ठोकतंय. मला ते वर्षभर ऐकू येतंय. मी विचारलं, “मग?” “हो, ठोकतंय,” तो म्हणाला, “पण ते माझ्या फॉर्ममध्ये नाही. ही गाडी रस्त्यावर दुसऱ्याला मारेल का एवढंच मला बघायचं असतं. ती स्वतः कधी मरणार, हा प्रश्न त्यात नाही.” आणि चकती लावली. ‘ओने मेंगल’, म्हणजे निर्दोष.

उघडून दुरुस्त करा, असं तुम्ही म्हणाल. वरचे बोल्ट मी सोडवून बघितले, इंजिनाच्या केसिंगला आतून तडा गेलाय. ती एकदा पूर्ण उघडली की पुन्हा गाडी म्हणून जोडली जाणार नाही. म्हणून मी ती बंद ठेवलीय आणि सायलेन्सर उतरवून परत दिलाय.

पण त्याआधी, पास झाली त्या दुपारी, मुलीला मागे बसवून गावाबाहेर एक फेरी मारली. आता तेरा वर्षांची आहे. मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. चढावर तिनं हेल्मेट माझ्या पाठीला टेकवलं आणि थोड्या वेळानं ओरडली, “पापा, दा क्लोप्फ्ट वास!” आत काहीतरी ठोकतंय, म्हणाली. मला वाटलं होतं हा कान माझ्यापाशीच संपेल. मी गाडी बाजूला घेतली, मागे वळलो आणि म्हटलं, “काही नाही गं, या मॉडेलचा आवाजच तसा असतो.” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिनं खांदे उडवले. परतीच्या वाटेवर तिनं पाठीला डोकं टेकवलं नाही.

हा कागद मी तपासणीच्या कागदाबरोबर घडी करून गाडीच्या हत्यारांच्या डब्यात ठेवतोय. कराडला पाठवला तर आईच्या हातात पडेल, आणि तिला चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. त्या शेवटच्या रविवारी फोनवर तुमच्या दर दोन शब्दांमध्ये बारीक शिटी वाजत होती, झडपेतून हवा सुटावी तशी, आणि ‘पास?’ विचारण्याआधी ती तीनदा वाजली.

लाइन स्वच्छ होती, अण्णा.