तोकुनो साहेबांचा पिवळा कागद

लातूर
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय तोकुनो साहेब,

शरणार्थ. आमच्याकडे भेटल्यावर असंच म्हणतात. इकडे सोयाबीनची रास चालू आहे, आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही निवृत्त होताय आणि तुमच्या कार्टूनच्या स्टुडिओतली मंडळी सगळ्यांकडून पत्रं मागवत आहेत, असं तुमच्या हाताखालच्या स्वप्नालीने फोनवर माझ्या बायकोला, महानंदाला सांगितलं. माझं पत्र जपानीत तीच करणार आहे.

तुमची कारकीर्द मी वाचून काढली. सुरुवात रंग भरण्यापासून. मग नऊ वर्षं दोन चित्रांमधली हालचाल काढत बसलात. एकेका भागाचं दिग्दर्शन करता करता पन्नाशी आली, तेव्हा कुठे स्वतःची मालिका मिळाली. ती जगभर गेली, तुमचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. मी चाळीस वर्षं नुसती भाषणं केली. प्रत्येक फलकावर नाव मोठं.

तुमच्या मालिकेवरही बोललो होतो, चाकूरच्या शाळेत. न बघता. हे कार्टून आपली लेकरं बिघडवतंय म्हणालो. स्वप्नालीने नुकतीच डॉक्टरकीची शिकवणी सोडली होती. खालून कुणीतरी विचारलं, "सर, तुमची पोरगी तसलीच चित्रं काढती म्हणं?"

"मला पोरगी न्हाई," मी माईकवर म्हणालो. लई टाळ्या पडल्या. ती दुसऱ्या रांगेत बसली होती.

आठ वर्षं झाली. ती फक्त आईशी बोलते.

तिला तुम्ही घेतलंत. तिचं पहिलं चित्र चुकलं तेव्हा खोडलं नाहीत. वर पिवळा कागद ठेवून बरोबर रेषा काढून दाखवलीत, खाली तिची तशीच राहू दिलीत. बापाचं काम तुम्ही केलंत. याचे आभार मानायला मला व्यासपीठ पुरत नाही.

काल महानंदा म्हणाली, "हजार माणसांपुढं बोलताव, लेकीपुढं तोंड उघडंना व्हय?"

"साहेबांना लिहायलो की."

"त्यांना मराठी येती व्हय?"

येत नाही. म्हणूनच तुम्हाला लिहिलं, साहेब. प्रत्येक ओळ आधी तिला वाचावी लागेल.

स्वप्नाली, एवढं जपानीत करू नकोस. त्या दिवशी मी खोटं बोललो, आणि बोलताना ते मला माहीत होतं. घरी ये. नाही आलीस तर रागावायचा हक्क मला उरलेला नाही.

तुम्हा दोघांचा ऋणी,
स्वप्नालीचा बाप
मन्मथ