टाइलीवरची आई

११ फेब्रुवारी २०२४

आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावहून बारावी टाइल आणली! पाडलेल्या घराच्या दारावरची. चित्रात फेटा बांधलेले कुणाचे तरी आजोबा, कोपऱ्यात सहीसारखा तोच बारीक ‘म’. देविदास म्हणाले, "घर आहे का न्हाणी?" नवऱ्यांना चिनीमातीतलं काय कळतं! प्रत्येक टाइलीमागे मी कागद चिकटवते — गाव, साल, चित्र काढणारा. नऊ कागदांवर शेवटच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह.

१३ फेब्रुवारी

‘म’ म्हणजे वसमतचे महेबूब पेंटर! पाट्या रंगवणाऱ्या पुनमचंदनं सांगितलं. पेंटर पाच वर्षांपूर्वी गेले. बायको आहे.

माहेरी, हट्ट्याला, शेतात आईच्या समाधीवरची टाइलही ‘म’चीच. मी तीन वर्षांची असताना आई गेली. तिचा एकही फोटो नाही. आईचा चेहरा म्हणून माझ्याकडे तेवढाच.

आणि आता डोक्यात किडा — फोटोच नव्हता, तर पेंटरनं चेहरा आणला कुठून? आईला पाहिलं होतं त्यांनी? कधी?

१४ फेब्रुवारी

शकुंतलामावशीला विचारावं का? आईची सख्खी बहीण. आई गेल्यावर चार महिन्यांत बाबांशी लग्न करून घरात आली. आईची जागा घेतली म्हणून मी तिच्याशी कधी धड बोलले नाही.

नाही केला फोन.

१८ फेब्रुवारी

वसमतला जाऊन आले. पेंटरच्या बायकोला, नजमुन्निसाचाचींना, मोबाइलवर आईची टाइल दाखवली. त्यांनी लगेच ओळखली.

"फोटू नसला की हे घरातलं माणूस समोर बसवायचे. भाऊ, लेक, जे आलं ते. तुमच्या वडलांनी नवी बायको आणली व्हती. बराबर ध्यानात हाय. दोन दिवस बसून राहिली, पाणीबी मागितलं न्हाई."

चहा तसाच राहिला. म्हणजे ती आई नाहीच? पण बहिणी-बहिणींचा तोंडावळा सारखा असतो. असतो ना? अर्धी तरी आई असेल? कुणावर रागवावं तेही कळेना. बाबा तर राहिले नाहीत.

१९ फेब्रुवारी

भाजीत मीठ दोनदा पडलं. देविदास गुपचूप जेवले.

२० फेब्रुवारी

केला फोन. "टाइलीसाठी तू बसली होतीस?"

मावशी म्हणाली, "व्हय. आक्काचं नाक सरळ व्हतं, माझं बसकं. पेंटरला म्हणलं, नाक तेवढं तिचं काढा. लेकराला तिची आई दिसू द्या."

चाळीस वर्षं मी त्या चेहऱ्यापुढे हात जोडले. आणि त्याच बाईला कधी साधं ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं नाही.