फिकट अर्क

स्ट्रॉमनेस, ६ मार्च

प्रिय बाबा,

मी बरा आहे, शाळाही ठीक चालली आहे. आई गेल्यापासून तुम्ही नीट जेवता, की उभ्या उभ्या पाव खाता?

घरी बिअर करायला औषधांच्या दुकानातून बार्लीच्या माल्टचा अर्क आणला, पण लेबल वाचलं नाही. त्यात कॉड माशाचं तेल होतं! दुकानदारीण मिसेस रेंडल म्हणाल्या, "अहो मास्तर, हे पोरांचं टॉनिक! आता तुमच्या बिअरवर मांजरं जमतील."

मग दुसरा अर्क आणला, या वेळी फिकट निवडला. गडद अर्काच्या कडक चवीत माझ्या चुका लपल्या असत्या; पण चाळीस वर्षं माल्ट भाजत आलेल्या तुमच्यासारख्या माणसापासून काय लपवायचं?

ईस्टरपर्यंत बिअर तयार होईल. बिघडली असेल तर खुशाल तोंडावर सांगा. पण सांगायला इथेच या.

तुमचाच,
विल्फ्रेड